रिकामी चिमटी

चिमटीत धागा नव्हताच. मालनचा अंगठा बोटावर फिरत होता, पीळ बसायला लागतो तेवढा फिरला, मग बसलेला पीळ आडवा निजवायचा म्हणून तिनं तो दाबलाही. पुढचं टोक उचलायला मान खाली केली, तर मघाचा हिरवा धागा मांडीवर जसाच्या तसा पडलेला, आणि तो ज्याला जोडायचा ते काळं टोक मागातून लोंबत वाऱ्यानं हलत होतं. म्हणजे एवढा वेळ ती बोटांवरच्या राखेवर राख चोळत बसली होती. कुणी बघितलं का, हे तिनं पहिल्यांदा बघितलं. नवरा, जळबा, उंबऱ्याजवळ पाठमोरा रहाटावर कांड्या भरत होता. सासू जिवनबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिला तसंही हातभर अंतराच्या पलीकडचं धुरकटच दिसायचं. आणि लेक, कौसा, रांगत रांगत सुताच्या गुंड्यांच्या टोपलीपर्यंत पोचली होती, टोपलीची कड धरून उभं राहायचा तिचा खटाटोप चालला होता. मालन तिच्याकडेच तर बघत होती. आजवर सांधणी तिनं अशीच केली होती, बोटं धाग्यांत आणि डोळे भलतीकडे. बाहेर मोंढ्याकडे हळदीच्या गाड्या चालल्या होत्या, गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी कुणाच्या तरी बकरीला शिव्या घालत होतं. रोजच्यासारखंच सगळं. फक्त तिच्या हातात काही नव्हतं, आणि हातानं तिला ते सांगितलं नव्हतं.

मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, विणून संपला की त्याची टोकं काढून टाकत नाहीत. वीत-दीड वीत धागे फणीत तसेच ठेवायचे आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या एकेका जुन्या टोकाला पिळून जोडायचा. मग हलक्या हातानं ओढलं की जुन्याच्या मागोमाग नवा आपली वाट बराबर धरून फणीतून पार होतो. गाठ मारायची नाही, गाठ अडकते. नुसता पीळ. चुलीतली वस्त्रगाळ राख बोटांना लावायची, दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरायची आणि अंगठ्याची एक फिरकी. असे शेकडो, शेकड्यावर शेकडो. ही सांधणी, आणि ती बायकांचं काम. मालन आखाडा बाळापुराहून हिंगोलीत नांदायला आली तेव्हा हळद उतरायच्या आतच जिवनबाईनं तिला या मागापुढं बसवलं होतं. ‘‘हा माग कदी उघडा पडला न्हाई बाई,’’ ती म्हणाली होती. ‘‘माह्या सासूनं सांधला, मग म्या सांधला. आता माहे डोळे गेले. आता तू.’’ तेव्हा मालनला मोठी गंमत वाटली होती. म्हणजे आज विणतोय त्या लुगड्याचा धागा कालच्या लुगड्याच्या धाग्याला जोडलेला, तो परवाच्या, असं करत करत मागं गेलं तर निजामाच्या राज्यात कुण्या बाईनं या घरात लावलेल्या पहिल्या धाग्यापर्यंत आपण जाऊ. लुगडी विकली गेली, नेसून नेसून विरली, त्यांची लेकरांची दुपटी झाली, दुपट्यांची पोतेरी झाली. माग मात्र कुठं तुटलाच नाही. दुष्काळाच्या साली सूत मिळेना, आणि लुगडं घ्यायला तरी कुणाकडं काय होतं, तेव्हा माग बंद करून सगळी गल्ली खडी फोडायला गेली होती. त्या साली देखील जिवनबाईनं जुनी टोकं फणीत तशीच ठेवून वर धडपं झाकलं होतं, निजलेल्या माणसावर झाकावं तसं.

खडी फोडल्यानंच झालं असेल, असं मालन स्वतःला सांगायची. हातोडीची मूठ दिवस दिवस धरून अंगठा बधिरला असेल. कौसा पोटात असताना हातापायाला मुंग्या यायच्याच, बाळंतपणानंतर जातील, असं कुणीतरी म्हणालं होतं. बाळंतपण झालं, बारसं झालं, मुंग्या गेल्या. मुंग्या गेल्या म्हणून तिला बरं वाटलं होतं. त्यांच्या जागी काहीच आलं नाही हे कळायला किती दिवस गेले! एकदा तव्याची कड धरली गेली आणि अंगठ्याला टचटचीत फोड आला. तो तिला दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना फुटल्यावर दिसला. उजव्या मनगटाच्या वर, बांगड्या मागं सारल्या की, कातडीवर एक फिकट डाग होता. ताकाचा थेंब पडून वाळावा तसला. पुसावासा वाटायचा. तिथं तिनं नखानं ओरखडून बघितलं होतं. ओरखडा उठला, पांढरा, मग लाल. तिनं तो नुसता बघितला. दुसऱ्याच कुणाच्या हातावर उठल्यासारखा. तेव्हापासून बांगड्या ती मागं सारत नसे.

नाव तिला ठाऊक होतं. नाव घ्यायचं नव्हतं.

‘‘आजकाल सांध सुटून राहिले तुहे,’’ जळबा गेल्या खेपेला म्हणाला होता. ओरडला नव्हता, जळबाला ओरडता येत नसे, तो चिडला की बारीक आवाजात बोलायचा. ‘‘वढलं की तुटतंय. ध्यान कुठं असतंय तुहं?’’ ‘‘लेकरापायी होतंय,’’ तिच्याऐवजी जिवनबाईच बोलली होती. ‘‘तू झाला तवा म्या एक अख्खा ताणा उलटा सांधला होता. तुह्या बापानं हसून हसून माग हलवला, पर बोलला न्हाई.’’ मालननं त्यानंतर डोळ्यांनी काम करायला सुरुवात केली. काळं टोक बघायचं, हिरवं टोक बघायचं, चिमटीत दोन्ही आहेत हे बघायचं, मग फिरकी. शंका आली तर जोड खालच्या ओठावरून फिरवून बघायचा. ओठाला अजून सगळं कळत होतं. काम होत होतं. पण नजर वर उचलता येत नव्हती. आधी बोटांचं बोटं बघून घ्यायची आणि डोळे सगळे लेकीचे असायचे. ती कुठं रांगते, काय तोंडात घालते, कशाला हसते, कशी आपल्याच पायाचा अंगठा पकडायला जाते आणि आडवी होते. आता धागा बघावा तर लेक नजरेआड, लेकीकडं बघावं तर धागा नाही. दिवसभरात कौसानं काय काय केलं हे तिला जिवनबाईकडून ऐकावं लागायचं, जिला दिसत नव्हतं तिच्याकडून. ‘‘आत्ता हसली बग,’’ जिवनबाई आवाजावरून सांगायची. मालन मान खाली घालून म्हणायची, ‘‘व्हय का?’’

आणि तो उजवा हात. तो लेकीला लावावा की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. लावला नाही तर ही काय आई, आणि लावला तर... पाणी गरम आहे का ते ती डाव्या हातानं बघायची, अंग तापलंय का ते डाव्या हातानं, आणि परवा भाताची पेज भरवतानाही डावाच हात पुढं आला, तर जिवनबाईला नेमकं तेवढं दिसलं. ‘‘काय गं ये! डाव्या हातानं घास देतीस व्हय लेकराला? पोरीची जात हाय, उद्या सासरी नाव कुणाचं निघंल?’’ ‘‘उजव्याला राख होती, आत्याबाई.’’ ‘‘मग धू की. राखंला का पाणी लागत न्हाई?’’ तिनं हात धुतला, धुतला, आणखी धुतला. उजव्या हाताच्या बोटांनी कौसाच्या तोंडात पेज घातली. जिभेचा ओलावा, हिरड्यांची ती मऊ चावाचावी, लेकराच्या तोंडातली ऊब, यातलं काही आलं नाही. बोटं ओली झालेली तिनं बघितली, इतकंच. कौसा मिटक्या मारत होती. तिच्या दृष्टीनं आईचा हात तोच होता.

खबर आणली ती खतीजाबीनं. खतीजाबीचं घर भिंतीला भिंत लावून, त्यांच्याकडं दोन माग, मोमिनांची मुळातली विणकर घरं. पीठ-मीठ, राख, सुताच्या गुंड्या सगळं दोन्ही घरांतून इकडं तिकडं होत असे. काल दुपारी परसातल्या पडक्या भिंतीवरून तिचं तोंड वर आलं. ‘‘ए मालन, सुनी क्या? कल अपनी गल्ली में दवाखानेवाला आरा कते. घर घर जाके सबकी चमडी देखता कते. मैं बोली, मेरे मियां इत्ते साल में नै देखे बराबर, तू क्या देखता रे बाबा!’’ आणि स्वतःच हसत सुटली. मालनही हसली. मग हातातलं लुगडं पिळता पिळता तिनं विचारलं, ‘‘कशाला बगतो?’’ ‘‘वोच. बडी बीमारी.’’ खतीजाबीनं आवाज खाली आणला. ‘‘कहां सुन्न लगता क्या, पूछता. कापूस लगाके देखता. आंख मीचने का, कहां लगा बोलने का.’’ ‘‘आन् सापडलं तर?’’ ‘‘तो गोलियां देते कते. मुफत. बरसों खाना पडता, लेकिन अच्छा होता कते.’’ खतीजाबीनं मान भिंतीवरून आणखी पुढं काढली. ‘‘गोलियां तो वो देते. घरवाले क्या देते, वो अल्ला जाने.’’

तेव्हापासून मालनच्या छातीत काहीतरी उभं राहिलं होतं. गोळ्या असतात. बरं होतं. उद्या तो येईल, आणि आपण सांगायचं. सोपं होतं. जळबा समोर नसेल असं बघायचं, आत्याबाईला पाणी आणायच्या निमित्तानं आत धाडायचं, आणि म्हणायचं, भाऊ, माझ्या अंगठ्याला कळत नाही. एवढेच शब्द. भांडी घासताना तिनं ते मनात म्हणून बघितले, दळताना म्हणून बघितले, कौसाला पाजताना तर ओठ हलवूनही म्हणून बघितले आणि कौसा ओठांकडं बघून हसली. गोळ्या लपवून ठेवता येतील. पिठाच्या डब्यात. पण तो माणूस थोडाच कुणाला न सांगता गोळ्या देईल? महिन्या महिन्याला येईल, दारात सायकल लावेल. गल्ली विचारील, कुणासाठी येतो गं हा? मग जळबा बारीक आवाजात म्हणेल, काही दिवस माहेरी जाऊन ये. पोरीला ऱ्हाऊ दे इथं. जळबा वाईट नव्हता. वाईट नव्हता म्हणून तर तो असंच म्हणेल, आणि म्हणताना रडेल, आणि ती जाईल.

माहेरी, आखाडा बाळापुराला, ओढ्याच्या पल्याड चंदाबाईची झोपडी होती. मालन लहान होती तेव्हा. चंदाबाई त्यांच्याच नात्यातली, साळ्याचीच सून. रोग दिसला तशी सासरच्यांनी तिला ओढ्यापल्याड झोपडी बांधून दिली. चांगली बांधून दिली, असं सगळे म्हणायचे. वर कौलं होती. दिवाळीला मालनचे वडील, किशन, तिच्यासाठी एक लुगडं वेगळं काढून ठेवायचे आणि आई ते मालनला बरोबर घेऊन द्यायला जायची. द्यायचं म्हणजे काठावरच्या दगडावर ठेवायचं आणि मागं सरायचं. चंदाबाई येऊन ते दोन मनगटांत उचलायची, कारण बोटं उरली नव्हती, आणि गालाला लावायची. डोळे मिटून, गालावरून काठ फिरवत, मग पदर फिरवत. ‘‘किशनभावजीनं खळ जरा जास्ती दिली औंदा,’’ ती ओरडून सांगायची. ‘‘पर काठ लई झाक जमला!’’ आई इकडून ओरडायची, ‘‘सांगते!’’ मालनला तेव्हा भीती चंदाबाईची वाटली नव्हती. एकदा त्या उभ्या असतानाच ओढ्यातून एक बैलगाडी पार झाली. गाडी हाकणारा पोरगा मिसरूड फुटलेला, डोक्याला लाल फडकं. चंदाबाई गालाला लुगडं लावलेली तशीच थांबली. पोरगा बैलांना हाका देत गेला, ढवळ्याला दिली, पवळ्याला दिली, आणि चढण चढून निघून गेला. ‘‘कोण गं त्यो?’’ वाटेत मालननं विचारलं. ‘‘तिचाच की,’’ आई म्हणाली. ‘‘जावेनं वाढवला. गुणाचा हाय.’’ भीती वाटली होती ती तेव्हा. त्या पोरानं तोंड वळवलं असतं, थुंकला असता, तरी चाललं असतं. तो फक्त रस्त्याकडं बघत होता. त्याला तिथं कुणी नव्हतंच. आज चंदाबाईची आठवण आली की ती झोपडी मालनला दिसत नव्हती. लाल फडक्याच्या जागी कौसाची वेणी दिसायची, आणि ती वेणी सरळ चढण चढून जायची.

रहाट थांबला. दारात सायकल टेकल्याचा आवाज झाला आणि ‘‘आहे का घरात कोणी?’’ असं पुस्तकी मराठीत कुणीतरी विचारलं.

पोरगेलाच होता. घामानं पाठ भिजलेली, खांद्याला खाकी पिशवी, आणि आपण काय विचारायला आलो आहोत याची त्याची त्यालाच लाज असावी तसा हसत होता. उंबऱ्यात उभ्यानं त्यानं पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं: हा रोग शापानं होत नाही, पापानं होत नाही, वेळेवर गोळ्या घेतल्या तर पूर्ण बरा होतो, बोटंसुद्धा वाचतात, घरातून कुणाला काढायची गरज नाही. प्रत्येक शब्द मालनच्या अंगावर पडत होता. बोटंसुद्धा वाचतात. ती मागापुढं बसली होती, दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत राखेनं माखलेले, मांडीवर हिरवे धागे. सांधणी अर्ध्यावर आली होती. ‘‘आमच्या घरात तसलं काई न्हाई रे बाबा,’’ जिवनबाई म्हणाली. ‘‘हाताचं खाणारी मानसं आमी.’’ तरी त्यानं जळबाचा सदरा काढायला लावला, पाठ बघितली, काखेतलं गजकर्ण बघून मलम लावा म्हणाला. मग कापसाची बारीक वात काढून जिवनबाईला डोळे मिटायला सांगितलं आणि इथं तिथं वात टेकवली. ‘‘हितं. हितं. आन् हितं. गुदगुल्या करून राहिला का रे म्हातारीला? घरी बायको हाय का न्हाई?’’ पोरगा कानापर्यंत लाल झाला. जळबा खो खो हसला. कौसा, सगळे हसतात म्हणून, टाळ्या वाजवायला लागली. घरात इतकं हसू बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि त्या हसण्यातून तो मालनकडं वळला.

‘‘वहिनी, तुमचे हात?’’

आता. भाऊ, माझ्या अंगठ्याला. शब्द घशाशी तयार होते. ‘‘तिला उठवू नकू,’’ जिवनबाई म्हणाली. ‘‘सांधणीत मदीच उठलं की पीळ बिघडतो. तितूनच बग.’’ ‘‘राख आहे हो हाताला. धुऊन दाखवता का?’’ ‘‘धुतलं की बोटं ओली राहत्यात, ओल्या बोटानं सांध सुटतो. आमच्यात धूत न्हाईत मदी.’’ तो संकोचला. बाईमाणसाचा हात धरून राख पुसायची त्याची हिंमत नव्हती. कदाचित तसं करू नका असं त्याला सांगितलंही असेल. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि नुसता बघायला लागला. डागावर राख होती, राखेवर बांगड्या. मालन पिळत राहिली. काळं टोक, हिरवं टोक, फिरकी. तिनं तोंड उघडलंही असावं. पण जळबा दारात उभा होता, सासू बोलत होती आणि या घरात ती आल्यापासून परक्या माणसासमोर तिच्या वतीचं जे बोलायचं ते सासूच बोलत आली होती. त्यात वाईट काही नव्हतं, तसंच असतं. तेव्हा तिला एक सुचलं. सांगता येत नाही तर दाखवता येईल. ती नजर उचलेल. उचलली की धागा पडणारच, सकाळपासून पडतोय. बोटं रिकामीच फिरतील आणि तो समोरच बसलाय, त्याला दिसेल, तो विचारेल, वहिनी, धागा कुठं आहे? मग तिला काही बोलावंच लागणार नाही. तिनं एक काळं टोक घेतलं, एक हिरवं घेतलं, आणि मान वर करून त्या पोराच्या डोळ्यांत सरळ बघितलं. जन्मात कुण्या परक्या पुरुषाकडं तिनं असं बघितलं नव्हतं. बघत राहिली. खाली अंगठा फिरला. पोराची नजर तिच्या बोटांवर होती आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. ‘‘वा!’’ तो म्हणाला. ‘‘न बघता!’’ तिनं खाली बघितलं. पीळ घट्ट बसला होता. आडवा निजलेला, गव्हाच्या लोंबीसारखा नीट. तिनं दुसरा घेतला, पुन्हा वर बघितलं, मुद्दाम, जवळजवळ रडकुंडीला येऊन, तोही बसला. इतक्या वर्षांची सवय हाताला होती, हाताला मालनची गरजच नव्हती. सकाळपासून दगा देणारा हात आत्ता, याच वेळेला, शहाण्यासारखा वागत होता. ‘‘बगितलं का?’’ जिवनबाईला आवाजावरून सगळं कळत होतं, तिचा ऊर भरून आला होता. ‘‘सगळ्या गल्लीत असा हात न्हाई.’’ ‘‘या हाताला काय होतंय मावशी!’’ तो उठला. मग आठवल्यासारखं, जाता जाता, ‘‘कुठं बधिर वगैरे वाटत नाही ना, वहिनी?’’ ‘‘बधिर!’’ जिवनबाई हसली. मालनला आपली मान हलताना जाणवली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, नाही म्हणून. तिनं ती हलवली नव्हती. दारावर खडूची एक खूण करून तो गेला.

शेजारी खतीजाबीचा आवाज चढला, हसू आलं, चहाच्या कपबश्या वाजल्या. अजून आहे. परसात जाऊन भिंतीवरून हाक मारता येईल. हा पुंजका झाला की उठते, मालन म्हणाली. मनातच म्हणाली. हा पुंजका झाला. हा पुढचा. काळ्या टोकांची रांग तिच्यासमोर होती तशीच होती, जोडलं नाही तर उद्या माग मुका, आणि लगीनसराई तोंडावर. पण खरं तर तसंही काही नव्हतं, पाय उचलत नव्हते इतकंच. जळबा पुन्हा रहाटावर बसला होता. नजर आता तिनं धाग्यांतून काढलीच नाही. काळं, हिरवं. काळं, हिरवं. मांडीवर कौसा कधी येऊन बसली ते वजनावरून कळलं, तिनं डाव्या कोपरानं तिला सावरून घेतलं. पल्याड सायकलची घंटी वाजली, दोनदा, आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन गाड्यांच्या खडखडीत मिसळून गेली. तेव्हा कुठं मालनची नजर धाग्यांवरून उठून दाराकडं गेली आणि तिथंच राहिली, उजवा हात टोक धरून मांडीवर.

‘‘अगं ये, रगत!’’

जळबा ओरडला. ज्याला ओरडता येत नाही तो जळबा. रहाट आडवा टाकून तो धावत आला, त्यानं कौसाला उचललं. तिच्या ओठांना, हनुवटीला, झबल्याला रक्त लागलं होतं, आणि ती मात्र खुशीत, कुणी आपलं खेळणं काढून घेतलं म्हणून चिडलेली तेवढी. ‘‘काय गिळलं गं तिनं? सुई हुती का कुठं?’’ जिवनबाई चाचपडत आली, तिनं पोरीचं तोंड उघडून बोट घातलं, फिरवलं आणि थांबली. चेहरा एकदम फुलला. ‘‘दात! अरं, दात आला रे पोरीला! खालचा. बग, बग, कसा टोचतोय!’’ ‘‘मग रगत कुणाचं?’’ जळबानं विचारलं आणि सगळ्यांनी मालनकडं बघितलं. मालननं स्वतःकडं बघितलं. उजवा अंगठा हिरव्या धाग्यांवर होता, तसाच टोक धरून. राखेतून रक्ताचा ओघळ मनगटाकडं निघाला होता. किती वेळ त्या लेकराच्या तोंडात तो होता कुणास ठाऊक. चार-पाच धागे भिजून काळे झाले होते.

‘‘बया!’’ जिवनबाई म्हणाली. ‘‘एवढं चावून राहिली, आन् तुला कळलं न्हाई व्हय गं?’’

रहाटाचं चाक अजून सुटं फिरत होतं.

‘‘कळलं की,’’ मालन म्हणाली. ‘‘चावू दिलं.’’

‘‘ऐकलं का रे जळबा? चावू दिलं म्हणती!’’ जिवनबाईचे डोळे भरून आले, तिनं मालनच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. ‘‘येडी हाय. एवढा जीव लावू नाई बाई पोरीच्या जातीला.’’ आणि ती साखर काढायला आत गेली. जाता जाताच भिंतीवरून खतीजाबीला हाक मारत होती, अगं ये, दात आला, दात आला. जळबा उभा होता. कौसा त्याच्या हातात. तो मालनच्या अंगठ्याकडं बघत होता, मग मालनच्या तोंडाकडं, मग पुन्हा अंगठ्याकडं. काहीतरी विचारील असं वाटलं. त्यानं कौसाला तिच्या मांडीवर ठेवलं, सावकाश, धाग्यांना धक्का लागू नये असं, आणि जाऊन रहाट उभा केला. पण चाक काही फिरायला लागलं नाही.

मालननं उजवा हात पदरात गुंडाळला. पदराच्या टोकानं कौसाचं तोंड पुसलं, ओठ, जीभ, हिरड्या, जिथवर पदर पोचला तिथवर पुसलं, पोरगी रडायला लागेपर्यंत पुसलं. मग तिला गप्प करायला म्हणून डाव्या हाताचं बोट तिच्या तोंडात दिलं. ऊब लागली. ओली, मऊ हिरडी लागली, आणि तिच्या मधोमध ते लागलं, तांदळाच्या कणीएवढं, धारदार, नवं. कौसानं चावलं. कळ थेट कोपरापर्यंत गेली. मालनच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं बोट काढलं नाही, आणखी आत दिलं.